खोदाईला परवानगी, वाहतुकीला वाट

पावसाळा सरला की महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर कुदळी पडायला लागतात. जलवाहिन्या, विजेच्या केबल, गॅसची पाइपलाइन, काँक्रीटीकरण, पुलांची दुरुस्ती अशी चार महिने थांबलेली कामं एकदम हाती घेतली जातात. ही कामं व्हायलाच हवीत. पण ती चालू असताना त्याच रस्त्यावरून शाळेची बस जाते, रुग्णवाहिका जाते, काठी टेकत एखादे आजोबा जातात. काम संपेपर्यंत या सगळ्यांना सुखरूप जाता यावं म्हणून जी तात्पुरती व्यवस्था करावी लागते, तिच्याविषयी आज बोलायचं आहे.

रस्ता खोदायचा तर पहिली परवानगी रस्ता ज्याच्या ताब्यात आहे त्याची. शहरात ती महापालिका देते, राज्य महामार्गावर सार्वजनिक बांधकाम विभाग, राष्ट्रीय महामार्गावर महामार्ग प्राधिकरण किंवा ज्या यंत्रणेकडे तो रस्ता सोपवला आहे ती. वाहतूक वळवायची, एकेरी करायची किंवा रस्ताच बंद ठेवायचा, तर वाहतूक पोलिसांशिवाय ते होत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ मधल्या कलम ११५ नुसार सार्वजनिक सुरक्षेसाठी वाहनांना बंदी घालता येते, पण त्याची अधिसूचना राजपत्रात यावी लागते. बंदी महिनाभराच्या आतली असेल तर राजपत्राची गरज नाही. मात्र स्थानिक पातळीवर प्रसिद्धी द्यावीच लागते. रस्ता बंद होणार हे लोकांना आधी सांगावं, अशी कायद्याचीच अपेक्षा आहे.

हे नीट केलं तर काय साधतं, ते पुण्यात दिसलं. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये चांदणी चौकातला जुना पूल स्फोटकांनी पाडायचा होता आणि त्याच्या खालून मुंबई-बेंगळुरू महामार्ग जातो. पर्यायी मार्ग आधी जाहीर झाले, १ तारखेच्या रात्री वाहतूक थांबवली, मध्यरात्रीनंतर स्फोट झाला, राडारोडा उचलला आणि २ तारखेच्या सकाळी महामार्ग पुन्हा सुरू झाला. एवढं मोठं काम नियोजनाने पार पडतं. मग गल्लीतल्या चराभोवती दोन दगड आणि झाडाची एक फांदी ठेवून का भागवलं जातं?

नियम नाहीत असं मुळीच नाही. कामाच्या ठिकाणची वाहतूक कशी सांभाळावी, यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शिका आहे. ती २००१ मध्ये निघाली आणि २०१४ मध्ये सुधारली गेली. तिच्यात कामाच्या जागेचे चार टप्पे सांगितले आहेत. पहिल्यात पुढे काम चालू असल्याची सूचना, दुसऱ्यात वाहनांना हळूहळू बाजूला वळवणं, तिसऱ्यात प्रत्यक्ष काम आणि चौथ्यात वाहतूक पुन्हा मूळ मार्गिकेत आणणं.

यातला पहिला टप्पाच आपल्याकडे सर्वाधिक दुर्लक्षित राहतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारं वाहन एका सेकंदात सुमारे २२ मीटर पुढे जातं. चालकाला फलक दिसून, उमजून, ब्रेकवर पाय जाईपर्यंत दोन-तीन सेकंद गेले तर तेवढ्यात पन्नास-साठ मीटर रस्ता संपलेला असतो, आणि गाडी अजून थांबलेली नसते. म्हणून खड्ड्याच्या तोंडाशी लावलेला फलक निरुपयोगी आहे. वेग जितका जास्त, तितकी सूचना लांबून मिळाली पाहिजे.

रात्री तर खरी परीक्षा. बॅरिकेडवरची रेडियमची पट्टी धुळीने माखली की हेडलाइटच्या उजेडात ती चमकत नाही. लाल दिवा बंद पडला तर तो बदलणारा माणूस रात्रीही जागेवर हवा. झेंडी दाखवणाऱ्या कामगाराला चमकणारं जाकीट हवं, थोडं प्रशिक्षणही हवं. पादचाऱ्यांसाठी वेगळी, आडोसा केलेली वाट हवी. पदपथावर मातीचा ढीग टाकून त्यांना गाड्यांच्या गर्दीत ढकलता कामा नये. आणि काम आटोपलं की फलक त्याच दिवशी हटवावेत. महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या खोट्या फलकांमुळे चालक खऱ्या फलकाकडेही लक्ष देईनासा होतो.

जबाबदारी कुणाची, हेही कायद्यात आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ आलं. रस्त्याच्या रचनेत, बांधकामात किंवा देखभालीत ठरलेली मानकं पाळली नाहीत आणि त्यामुळे कुणाचा मृत्यू झाला किंवा कुणाला अपंगत्व आलं, तर संबंधित अधिकारी यंत्रणा, ठेकेदार किंवा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण हा दंड जीव गेल्यावरचा आहे. जीव वाचतो तो परवानगीच्या टेबलावर. खोदाईच्या नकाशासोबत वाहतुकीचा आराखडा नसेल तर अर्ज तिथेच परत गेला पाहिजे. आराखडा रस्त्यावर उतरला की नाही, हे अभियंत्याने रात्री जाऊन पाहिलं पाहिजे, आणि त्या पाहणीवर ठेकेदाराचं बिल अवलंबून असलं पाहिजे.

आपलंही काही काम आहे. कामाच्या जागी वेग कमी करा, उलट दिशेने गाडी घालू नका, बॅरिकेड सरकवून वाट काढू नका. आणि दिवा नसलेला, कठडा नसलेला चर दिसला तर पुढे निघून जाऊ नका. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ या क्रमांकावर, मुंबईत महापालिकेच्या १९१६ वर आणि धोका समोर असेल तर कुठूनही ११२ वर कळवा. तुमच्या एका फोनमुळे मागून येणाऱ्या अनोळखी माणसाचा जीव वाचू शकतो.