शांतता बाजारातला पोटमाळा
(कामगारांच्या सभेत केलेले भाषण)



मी चौथी शिकलो आणि साच्यावर उभा राहिलो. मोठे शब्द माझ्याजवळ नाहीत. पण आपल्यासारख्याच एका कामगाराची हकीगत सांगतो. तो दक्षिण कोरियाचा. मुलूख लांबचा, पण छातीत बसणारा तूस सगळीकडे एकच.

कोरिया आज श्रीमंत देश म्हणून मिरवतो. ही श्रीमंती आली कुणाच्या हातांनी? १९६१ साली तिथे लष्कराने सत्ता बळकावली. जनरल पार्क चुंग ही याचा हुकूम एकच : माल परदेशी पाठवा! १९६४ साली १० कोटी डॉलरचा माल गेला, १९७७ साली १,००० कोटींचा. तेरा वर्षांत शंभरपट! आणि मजुरी? ती शंभरपट झाली का? अहो, कशाची!

राजधानी सोलमध्ये कपडे शिवण्याचा एक बाजार होता. नाव काय, तर शांतता बाजार! एका मजल्याचे दोन करून पोटमाळे काढलेले. ताठ उभे राहायची सोय नाही. तेरा-चौदा वर्षांच्या पोरी तिथे चौदा-चौदा तास राबत. महिन्याला सुट्ट्या दोन.

तिथे चॉन तेइल नावाचा तरुण कापड बेतायचा. उपाशी पोरी बघून त्याचा जीव तुटे. बसभाड्याच्या पैशांनी तो त्यांना खाऊ घाली, आणि रात्री पायी घरी जाई. मग त्याला कळले, १९५३ सालापासून देशात कामगारांचा कायदा आहे. आठ तास काम, आठवड्याला सुट्टी, सगळे छापलेले! त्याने पुस्तक आणले. पण त्यातली चिनी अक्षरे त्याला लागेनात. तो म्हणे, कॉलेजात शिकणारा एखादा मित्र असता तर! बंधूंनो, हे कळले तेव्हा माझा गळा दाटला. नोटीस दुसऱ्याकडून वाचून घेणारे आपल्यात किती आहेत? हात वर करू नका. मी त्यातलाच आहे.

त्याने अर्ज केले, हेलपाटे घातले. कुणी दाद दिली नाही. १३ नोव्हेंबर १९७० रोजी, आम्ही यंत्रे नाही, कायदा पाळा, असे ओरडत त्याने स्वतःला पेटवून घेतले. वय अवघे बावीस. त्याची आई ली सो सन हिने डोळे पुसले आणि त्याच महिन्यात बाजारात युनियन उभी राहिली.

पुढे इंचॉनच्या एका कापडगिरणीत बायकांनी युनियन आपल्या हाती घेतली. १९७८ साली निवडणुकीच्या दिवशी त्यांच्या अंगावर विष्ठा फेकली गेली. फेकणारे कोण? मालक नव्हे! मालकाच्या बाजूला गेलेले त्याच गिरणीतले पुरुष कामगार. पोलीस बघत राहिले. आणि कामावरून कुणाला काढले? त्या १२४ बायकांना! मालकाला स्वतःचे हात घाण करावे लागत नाहीत, बरं का. आपल्यातलेच हात त्याला मिळतात.

जाळून घ्या, असे मी मुळीच सांगत नाही. आपल्या पोराबाळांना आपण जिवंत हवे आहोत. मी एवढेच सांगतो : पुस्तकातला कायदा झोपलेला असतो. एकट्याने हाक मारली तर तो जागा होत नाही. १९८७ साली कोरियाचे लाखो कामगार एकदम संपावर उठले, तेव्हा कुठे मालकांना युनियनशी बोलावे लागले.

म्हणून कायदा वाचा. वाचता येत नसेल तर वाचून घ्या, त्यात लाज नाही. आणि शेजारच्या साच्यावरच्या भावाविरुद्ध, बहिणीविरुद्ध हात उचलू नका!

कामगार एकजुटीचा विजय असो!