स्लाइडचा साचा एकदाच करा

आम्ही ठाण्यातल्या बाळकुमच्या बचत गटातल्या बायका. मसाले आणि पापड हा आमचा धंदा. आज मात्र मसाल्याचं नाही, कॉम्प्युटरचं बोलणार आहोत. कागद-पेन जवळ घ्या.

मागे मिरची कांडप यंत्रासाठी कर्ज मागायला गेलो. गटाची माहिती पडद्यावर दाखवा, असं सांगितलं होतं. आम्ही पाचजणींनी पाच-पाच स्लाइड वाटून घेतल्या. एकीच्या पिवळ्या, एकीच्या गुलाबी. गटाचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं. आणि ऐन बैठकीत मराठी अक्षरांच्या जागी भलतीच इंग्रजी अक्षरं उमटली! आमचा जुन्या पद्धतीचा फॉन्ट त्या कॉम्प्युटरवर नव्हताच. बैठक पुढे गेली आणि मिरचीचा हंगाम हातचा गेला.

आमच्यातल्या एकीची लेक कॉम्प्युटर शिकलेली. ती म्हणाली, "मावशी, करंजीला साचा वापरता ना? मग स्लाइडलाही वापरा." पण तिला रात्रपाळीची नोकरी लागली, रोज कोण बसणार आमच्याशी? म्हणून दोन रविवारी आम्हीच साचा करायला शिकलो.

पॉवरपॉइंट उघडा. 'व्ह्यू'मध्ये 'स्लाइड मास्टर' दाबा. लिबरऑफिसचं 'इम्प्रेस' फुकट मिळतं, त्यात 'व्ह्यू'मध्येच 'मास्टर स्लाइड' आहे. पॉवरपॉइंटमध्ये डावीकडे सगळ्यांत वर मोठी स्लाइड दिसते, ती सासू समजा. तिच्याखालच्या लहान स्लाइड म्हणजे वेगवेगळ्या मांडण्या. सासूला जो रंग द्याल, तो सगळ्यांवर चढतो. गटाचं नाव आणि चिन्ह तिथे एकदाच ठेवा. मग ते कुणाकडून चुकत नाही की हलत नाही.

इथे आम्ही एक चूक केली. मास्टरवर साधी चौकट काढून त्यात 'या महिन्याची विक्री' लिहिलं. ते प्रत्येक स्लाइडवर दिसू लागलं आणि खोडता येईना. जे बदलायचं असतं त्यासाठी लहान स्लाइडवर 'इन्सर्ट प्लेसहोल्डर' वापरायचं. ती रिकामी जागा असते, जिची तिने भरायची.

आता अक्षरांचं. मराठीसाठी युनिकोड फॉन्टच घ्या. मुंबईच्या 'एक टाइप'ने केलेला 'मुक्त' फुकट मिळतो. अक्षर २८च्या खाली नको, मागे बसलेल्यांना वाचता आलं पाहिजे. ओळींमधलं अंतर थोडं वाढवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला टेकतो. रंग दोनच, आणि पांढऱ्यावर पिवळं अक्षर कधीच नाही.

झालं की 'सेव्ह अ‍ॅज'मध्ये 'पॉवरपॉइंट टेम्प्लेट' हा प्रकार निवडा. मग ती फाइल उघडली की नवी कोरी प्रत निघते, मूळ साचा तसाच राहतो. आणि बैठकीला जाताना पीडीएफ प्रतही न्या. तिच्यात फॉन्ट सहसा सोबतच जातो, म्हणून अक्षरं बिघडत नाहीत.

पुढच्या बैठकीला आमच्यातल्या तिघींनी स्लाइड भरल्या. त्यातली एक चौथीपर्यंतच शिकलेली. तिने विक्रीचे आकडे भरले, कारण हिशेब तीच ठेवते. या वेळी विचारलं ते मिरचीचा भाव काय, महिन्याला किती किलो निघतो. उत्तरं आम्हाला तोंडपाठ होती. कर्ज मंजूर झालं.

मैत्रिणींनो, साचा गटाचा असू द्या, एकीच्या डोक्यातला नको. ती नोकरीला गेली, माहेरी गेली, तरी काम अडायला नको. आमच्याकडे तो एका पेनड्राइव्हमध्ये आहे आणि पेनड्राइव्ह गटाच्या पेटीत, पासबुकाशेजारी. तुमचाही तिथेच ठेवा.