घराचे कागद कुणाच्या हाती?
(चिपळूण येथील महिला मेळाव्यातील भाषण)

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं, तेव्हा मी मुलं, सासूबाई आणि तांदळाचा डबा माडीवर नेला. घराचे कागद खालच्या कपाटात, ह्यांच्या कुलुपात राहिले. हे मुंबईला. घराचा विमा होता, पण कुठल्या कंपनीचा, ते मला ठाऊक नव्हतं. चिखल मी उपसला. पंचनाम्याच्या वेळी मात्र पहिला प्रश्न आला, "घरमालक कुठायत?"

म्हणून मिरगाच्या आधी एवढं करूया. विम्याची पॉलिसी, घरपट्टीची पावती, पासबुक, आधार यांच्या प्रती प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर ठेवा. त्यांचे आणि घरातल्या सामानाचे फोटो काढून परगावच्या बहिणीला पाठवा. पॉलिसी वाचा, कुणाकडून वाचून घ्या. बँकेच्या कर्जाबरोबरचा विमा बहुतेकदा नुसत्या इमारतीचा असतो. भांडीकुंडी, शिलाई मशीन त्यात येत नाही. दागिन्यांसाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं.

हे कागद मागितले तेव्हा आमच्या घरात दोन दिवस अबोला होता. तरी मागितले. आता कपाटाची दुसरी किल्ली माझ्याकडे आहे. घरपट्टीवर माझं नाव अजून लागायचंय. त्याचा अर्ज मी सोबत आणलाय. ज्यांना हवा, त्यांनी उतरवून घ्या.