एकीने शिकून भागत नाही
(ग्रामसंघाच्या मासिक बैठकीत झालेले भाषण)



आज एका डॉक्टरबाईंची गोष्ट सांगते. नाव आयडा स्कडर. 1870 साली तामिळनाडूत, अमेरिकन मिशनरी डॉक्टरांच्या घरात जन्मल्या. त्यांना मात्र इथं राहायचं नव्हतं. आई आजारी म्हणून तरुणपणी अमेरिकेहून परत आल्या, तेवढंच.

तेव्हा एका रात्री एकामागून एक तीन माणसं दारात आली. तिघांच्याही बायका बाळंतपणात अडलेल्या. आयडा म्हणाल्या, ‘मला यातलं काही येत नाही. माझे वडील डॉक्टर आहेत, त्यांना न्या.’ पण परक्या पुरुषाचा हात बाईला लागता कामा नये, म्हणून तिघेही तसेच परत गेले. सकाळपर्यंत तिन्ही बायका गेल्या. डॉक्टर घरात होता, पण बाई डॉक्टर नव्हती.

आयडा अमेरिकेत जाऊन 1899 साली डॉक्टर झाल्या. 1900 मध्ये परत येऊन वेल्लोरला एका खाटेवर दवाखाना सुरू केला. दोन वर्षांत 40 खाटांचं हॉस्पिटल उभं राहिलं. पण एका बाईचे दोन हात किती जणींना पुरणार? म्हणून 1909 मध्ये त्यांनी नर्सिंगची शाळा काढली आणि 1918 मध्ये मुलींसाठी डॉक्टरकीची. सरकारी अधिकारी म्हणाले, तीन अर्ज आले तरी नशीब समजा. अर्ज आले 151! 1922 साली पहिल्या 14 जणी पास होऊन बाहेर पडल्या. आजचं वेल्लोरचं मोठं सी.एम.सी. रुग्णालय त्यातूनच वाढलं.

बायांनो, आजही कितीतरी जणी अंगावरून जाणं, गाठ येणं असलं दुखणं पुरुष डॉक्टरला सांगत नाहीत. अंगावर काढतात आणि उशीर होतो. आपल्याच गावची मुलगी नर्स झाली, तर तिच्याशी मोकळेपणानं बोलता येईल.

ए.एन.एम.चा कोर्स दोन वर्षांचा आहे, बारावीनंतर करता येतो. लग्नासाठी आपण गटातून कर्ज काढतो, मग मुलीच्या शिक्षणासाठी का नको? पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गटानं आपल्याकडच्या बारावी झालेल्या मुलींची नावं लिहून आणा. कुणाला शिकायचंय, पैसे कुठं अडतात, ते बसून ठरवू.