मोटारवाल्यांचीं दुसरीं वाहनें

मोटारीचे दोन शोकीन एकत्र बसले म्हणजे गोष्टी निघतात त्या प्रथम यंत्राच्या शक्तीच्या, मग टायरांच्या आणि शेवटीं पेट्रोलच्या भावाच्या. परंतु घटकाभरानें, ओळख थोडी मुरल्यावर, त्यांतला एकजण हळूच विचारतो, "याखेरीज आपण आणखी काय चालवितां?" या प्रश्नाचें उत्तर पुष्कळदां आधींच्या सर्व संभाषणाहून बोलकें असतें. एकाच्या पडवींत जुनी मोटारसायकल झांकून ठेवलेली असते. दुसऱ्याची खाडींत होडी असते. तिसरा कांहींशा संकोचानें सांगतो कीं, सकाळीं फिरावयास जातांना आपल्याला सायकलच बरी वाटते. मोटार मनुष्य ऐपतीप्रमाणें घेतो. दुसरें वाहन मात्र तो स्वभावाप्रमाणें घेतो, असें म्हटल्यास फारसें चुकणार नाहीं.

ज्यांचें नांव जगांतील एका अत्यंत नामांकित मोटारीशीं कायमचें जोडलें गेलें, त्या चार्लस स्ट्यूअर्ट रोल्स यांचेंच उदाहरण पाहावें. हे उमराव घराण्यांतले. जन्म सन १८७७ चा. केंब्रिजला यंत्रशास्त्राचा अभ्यास करीत असतांना विद्यापीठातर्फे ते सायकलीच्या शर्यतींत उतरत. सन १८९६ मध्यें, वयाचीं वीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं तेव्हां, त्यांनीं प्यूजो कंपनीची मोटार विकत घेतली. शिक्षण संपल्यावर कांहीं दिवस घरच्या वाफेच्या जहाजावर आणि पुढें क्रू येथील रेल्वेच्या कारखान्यांतही त्यांनीं काम केलें. मँचेस्टरच्या एका हॉटेलांत हेन्री रॉइस यांची व त्यांची प्रसिद्ध भेट झाली ती ४ मे १९०४ रोजीं. पुढें १९०६ सालीं आइल ऑफ मॅन बेटावरील टूरिस्ट ट्रॉफीची शर्यत त्यांनीं रॉइस यांच्याच गाडींतून जिंकली.

इतका वेगाचा भोक्ता मनुष्य फावल्या वेळीं काय चालवीत असे? बलून! वायूनें भरलेल्या या अजस्र फुग्यांतून रोल्स यांनीं १७० हून अधिक उड्डाणें केलीं. येथें 'चालविणें' हा शब्दच मुळीं अपुरा पडतो, कारण बलूनला सुकाणू नाहीं, चाक नाहीं, ब्रेकही नाहीं. वाळूची पिशवी रिती केली कीं तें वर जातें. झडप उघडून वायु सोडला कीं खालीं येतें. दिशा ठरविणार तो वारा. आणि तें वाऱ्याबरोबरच वाहत असल्यामुळें आंत बसलेल्याच्या तोंडावर झुळूक म्हणून लागत नाहीं. ज्या हातांना ताशी साठ मैलांच्या गाडीचें चाक पेलण्याची संवय, ते हात टोपलीच्या कांठावर नुसते टेकून बसावयाचे! यावरून असें दिसतें कीं, रोल्स यांचें प्रेम केवळ वेगावर नव्हतें. जमीन सोडून निघावें, एवढीच ती ओढ असावी.

ही ओढ त्यांना साहजिकच विमानाकडे घेऊन गेली. सन १९०८ च्या ऑक्टोबरांत फ्रान्समध्यें विल्बर राईट यांच्या शेजारीं बसून त्यांनीं आकाशाची पहिली फेरी मारली आणि लवकरच स्वतःसाठीं राईट पद्धतीचें विमान घेतलें. या विमानाला मोटारीसारखें चाक नव्हतें. चालकाच्या दोन हातांशीं दोन दांडे असत. येथें मोटार चालविण्याचें कसब जवळजवळ निरुपयोगी ठरे. त्या काळच्या युरोपांतील पुष्कळशा कारागिरांची समजूत अशी होती कीं, विमान हें हवेंतली गाडी किंवा नाव. सुकाणू फिरविलें कीं तें सपाटच वळावें. राईटबंधु सायकली तयार करून विकणारे. सायकल वळवितांना स्वार आंतल्या अंगास कलतो, न कलला तर पडतो, हें त्यांच्या हाडींमाशीं खिळलेलें होतें. म्हणून त्यांनीं पंखांना पीळ देऊन विमान कलवून वळविण्याची युक्ति काढली. केंब्रिजच्या रस्त्यांवर सायकल हांकणाऱ्या रोल्स यांना ही खूण पटावयास अवघड गेलें नसावें. ज्या वाहनाचा उल्लेख मोटारवाले सर्वांत शेवटीं आणि खालच्या आवाजांत करतात, तेंच येथें गुरुस्थानीं होतें.

२ जून १९१० रोजीं रोल्स यांनीं इंग्लिश खाडी ओलांडली आणि पलीकडे न उतरतां तसेच परत आले. जातां-येतां मिळून ९५ मिनिटें लागलीं. असा दुहेरी प्रवास पूर्वीं कोणीं केला नव्हता. त्यानंतर सहा आठवडेही लोटले नाहींत तोंच, १२ जुलै रोजीं, बोर्नमथ येथील समारंभांत त्यांच्या विमानाच्या शेपटीचा भाग मोडला व तें हजारों प्रेक्षकांदेखत कोसळलें. वय अवघें ३२. मोटारीचें चाक निखळलें तर गाडी बहुधा रस्त्याच्या कडेला जाऊन थांबते. विमानाला थांबावयास जागाच नसते. यंत्रानें चालणाऱ्या विमानाच्या अपघातांत मरण आलेले ते पहिले ब्रिटिश गृहस्थ.

रॉइस यांनीं विमानाचें यंत्र तयार करावें हा रोल्स यांचा आग्रह त्यांच्या हयातींत फळास आला नाहीं. पहिल्या महायुद्धानें तो फळास आणला. सन १९१९ मध्यें अल्कॉक आणि ब्राउन यांनीं अटलांटिक महासागर न थांबतां ओलांडला तो याच कंपनीच्या दोन यंत्रांच्या बळावर.

पुढें १९३० सालीं त्या कंपनीचीं विमानाचीं दोन यंत्रें एका नावेंत बसविलीं गेलीं. तिचे चालक सर हेन्री सीग्रेव्ह. युद्धांत वैमानिक, मग शर्यतींतले मोटारवाले. १९२९ च्या मार्चांत अमेरिकेंतील डेटोनाच्या किनाऱ्यावर त्यांनीं ताशी २३१ मैलांहून अधिक वेगानें मोटार हांकली होती. त्या मानानें पाण्यावरचे शंभर मैल म्हणजे कांहींच नव्हे, असें कागदावर वाटतें. परंतु वाळू आदल्या दिवशीं चालून तपासतां येते. सरोवर झाडून घेतां येत नाहीं. १३ जून १९३० रोजीं विंडरमिअर सरोवरावर त्यांनीं ताशी ९८.७६ मैलांचा नवा विक्रम केला, आणि लगेच आणखी एक फेरी घेतांना नाव उलटली. तरंगता ओंडका तळाला लागला असावा, असा तर्क आहे. एक सहकारी जागींच गेला. सीग्रेव्ह कांहीं तासांनीं गेले. विक्रम झाल्याचें त्यांना शेवटल्या शुद्धींत कळलें होतें, असें सांगतात.

त्याच वर्षीं एक वेगळी स्पर्धा चालली होती. इंग्लंड व हिंदुस्थान यांमधील अंतर एकट्यानें विमानानें कापणाऱ्या हिंदी वैमानिकास आगाखानांनीं बक्षीस लावलें होतें. कराचीहून निघाले जहांगीर रतनजी दादाभाई टाटा, तरुणपणीं मुंबईच्या रस्त्यांवर बुगाटी मोटार उडविणारे. तिकडून निघाले अवघ्या १७ वर्षांचे अस्पी इंजिनिअर. इजिप्तमधील अबुकीर येथें दोघांची गांठ पडली. इंजिनिअर प्लगांवांचून अडकून बसले होते. टाटांनीं आपल्याजवळचे जादा प्लग त्यांना देऊन टाकले. रस्त्यांत अडलेल्या मोटारवाल्याला प्लग देणें हा शोकिनांचा जुना शिरस्ताच. तो त्यांनीं स्पर्धेंतही मोडला नाहीं. बक्षीस इंजिनिअर यांना मिळालें. हेच पुढें भारतीय हवाईदलाचे प्रमुख झाले.

टाटांच्या उड्डाणांचें पुढें जें झालें तें रोल्स वा सीग्रेव्ह यांच्या वाट्याला आलें नाहीं. त्यांच्या विमानावर टपाल चढलें. आणि टपालाच्या पिशवीला विक्रमाशीं कर्तव्य नसतें. तिला ठरल्या वेळीं पोंचावयाचें असतें. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं एका लहानशा पस मॉथ विमानांतून ते कराचीहून टपाल घेऊन निघाले. वाटेंत अहमदाबादेस उतरले तेव्हां पेट्रोलचे डबे बैलगाडींतून विमानापाशीं आले. तेथून उडून दुपारीं ते जुहूस पोंचले, आणि दुसरे वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं तें टपाल पुढें बेल्लारीवरून मद्रासला नेलें.

बरोबर पन्नास वर्षांनीं, १५ ऑक्टोबर १९८२ रोजीं, वयाच्या ७८ व्या वर्षीं, टाटा एका जुन्या लेपर्ड मॉथ विमानांत एकटेच बसले आणि कराचीहून निघून पुनः जुहूस उतरले.