कुलाब्याचे अफगाण चर्च



वाटूर फाट्यावरचा माणूस मुंबईला जाऊन आला की समुद्राचे आणि राणीच्या बागेचे कौतुक सांगतो. आज मी तुम्हांला मुंबईतलीच एक निराळी वास्तू दाखवणार आहे. कुलाब्याला एक उंच दगडी चर्च आहे. त्याचे खरे नाव सेंट जॉनचे चर्च. पण लोक त्याला अफगाण चर्च म्हणतात.

पहिल्या अफगाण युद्धात आणि सिंधच्या मोहिमेत जे सैनिक मेले, त्यांच्या स्मरणार्थ ते बांधले. 1847 साली पाया घातला, 1858 मध्ये ते उपासनेला खुले झाले आणि 1865 मध्ये शिखर पुरे झाले. आराखडा हेन्री कॉनिबेअर यांचा. मुंबईला विहार तलावाचे पाणी आणण्याची योजना आखणारे अभियंते ते हेच. इमारत एकोणिसाव्या शतकातली खरी, पण तिचा नमुना सातशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडातल्या गावच्या चर्चचा आहे.

तर मग असे गावचे चर्च असे कसे? आपल्या देवळाला सभामंडप आणि गाभारा असतो ना? तसेच तिथेही आहे. लोकांसाठी लांबट मंडप, आणि त्याच्या टोकाला वेदीचा भाग. दोहोंच्या मध्ये कमान आणि जाळीदार पडदी. आपला देव बहुधा पूर्वेकडे तोंड करून बसतो. तिथे वेदीच पूर्वेला, म्हणून भक्ताचे तोंड उगवतीकडे. बाप्तिस्म्याच्या पाण्याचे दगडी कुंड दाराजवळ. कारण बाप्तिस्मा म्हणजे धर्मात प्रवेश, आणि प्रवेश दारातूनच व्हायचा. बसायची बाके मात्र पुष्कळ उशिरा आली. पंधराव्या शतकापर्यंत बहुतेक गावकरी उभ्यानेच प्रार्थना करीत. अक्षर न ओळखणाऱ्यांना भिंतीवरची चित्रे आणि खिडक्यांच्या रंगीत काचा धर्मकथा सांगत. चित्रकथी सांगतात तशीच म्हणा ना!

आणखी एक गोष्ट गावकऱ्यांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. वेदीच्या भागाची डागडुजी धर्मगुरूकडे, पण मंडपाची जबाबदारी गावाची. गाव आपल्यातूनच कारभारी नेमी, आणि ते पै-पैचा हिशेब लिहून ठेवीत.

कुलाब्याच्या चर्चमध्ये हा सगळा थाट दिसतो. रंगीत काचा आणि जमिनीच्या नक्षीदार फरशा विलायतेहून आल्या, पण भिंतींचा दगड इथलाच. मनोरा शिखरासह 198 फूट उंच. त्यात 1904 साली आठ घंटा चढवल्या.

आता भिंतीवरचा लेख वाचा. मेलेल्या अधिकाऱ्यांची नावे तिथे कोरलेली आहेत. साध्या शिपायांविषयी मात्र एवढेच म्हटले आहे, की त्यांची संख्या इतकी मोठी, की नावे लिहिता आली नाहीत. मंडळी, त्या मोहिमेत मुंबईची फौजही होती, आणि त्या फौजेत कोकणातले आणि देशावरचे पुष्कळ शिपाई असत. घरी त्यांची वाट पाहणारे कोणी असेलच की! वास्तू वाचताना भिंतीवर काय लिहिले आहे ते पाहावे, आणि काय लिहिलेले नाही तेही पाहावे.

आपल्या हेमाडपंती देवळांचे तरी काय? ती घडवणाऱ्या पाथरवटांची नावे बहुधा कुठेच नाहीत. त्यांची खूण एकच, ती म्हणजे दगडावरचा छिन्नीचा घाव. आणि आपण काय करतो? भक्तीने पैसे जमवतो आणि कोरीव खांबांना ऑइलपेंट फासतो! त्याने नक्षी बुजते, दगडातली ओल आत कोंडते, आणि पुढे पापुद्रे सुटू लागतात. इंग्लंडातही सोळाव्या शतकात धर्मसुधारणेच्या वेळी चर्चमधल्या चित्रांवर चुना फासला गेला. पुढे तो खरवडून चित्रे शोधावी लागली. कित्येक गेली ती गेलीच.

म्हणून गुरुजींना माझी विनंती आहे. एखाद्या शनिवारी मुलांना गावच्या जुन्या देवळात न्या. पावलांनी मंडप मोजू द्या, खांब मोजू द्या, वहीत नकाशा काढू द्या. दार कुठल्या दिशेला, पाणी कुठून वाहून जाते, हे विचारा. आणि गावकरी मंडळींनो, पुढच्या यात्रेला रंगाचा डबा उघडण्याआधी त्या मुलांची वही एकदा पाहा. ज्यांचे नाव कुठेच नाही, त्यांची उरलेली एकुलती सही आपल्या हातून पुसली जाऊ नये.