परमुलखातील खेळाडू : एका व्यवसायाची ओळख
(पेण व रोहा तालुक्यांतील शिक्षक आणि ग्रामपंचायत सदस्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



पेणच्या कारखान्यांतून गणेशमूर्ती पावसाळ्यापूर्वीच बोटीने परदेशी रवाना होतात, हे आपणांस नवे नाही. हमरापूर, जोहे येथील कारागीर आपला माल कोणत्या देशी पोहोचतो हे सहज सांगू शकतात. परंतु अंगच्या खेळाच्या बळावर परक्या मुलखात जाऊन पोट भरता येते काय, हा प्रश्न आपल्या शाळांतील मुले आता विचारू लागली आहेत, आणि त्यांना खरे उत्तर देण्याची जबाबदारी मुख्यतः आपणा शिक्षकांवर येते. आज मी त्याच विषयावर चार शब्द बोलणार आहे.

हा व्यवसाय आपल्याकडे अगदीच अपरिचित नाही. विजय हजारे, सुभाष गुप्ते यांच्यासारखे खेळाडू इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यात गावोगावच्या क्लबांकडून पगारी खेळाडू म्हणून खेळले. तेथे फलंदाजाने अर्धशतक काढले की प्रेक्षकांत डबा फिरवून त्याच्यासाठी वर्गणी गोळा करण्याची पद्धत होती. आपल्याकडे तमाशाच्या फडात दौलतजादा होते, त्याचीच आठवण व्हावी! बास्केटबॉलमध्ये पंजाबच्या सतनाम सिंगची 2015 साली अमेरिकेतील एन.बी.ए. स्पर्धेसाठी डॅलस संघाने निवड केली. तो मान मिळविणारा तो पहिला भारतीय. वृत्तपत्रांतून त्याचे मोठे कौतुक झाले. परंतु एन.बी.ए.च्या मुख्य स्पर्धेतील एकही सामना त्याच्या वाट्यास आला नाही. दुय्यम संघातून खेळून तो परतला. निवडीची बातमी पहिल्या पानावर आली. पुढची हकीगत मात्र फार थोड्यांनी वाचली. आम्ही माहिती खात्यातील माणसेही याबाबतीत फारसे निराळे वागतो असे म्हणवत नाही.

पण आपल्या भागाचा जीव कबड्डीत. हिवाळा सुरू झाला की रोहे-पेणच्या गावांतून मैदाने आखली जातात, दिव्यांच्या माळा लागतात आणि रात्र रात्र सामने चालतात. तेव्हा उदाहरणही कबड्डीचेच घेऊ. मात्र ते उलट्या दिशेने घेऊ, कारण कबड्डीत परदेश म्हणजे आपणच आहोत.

इराणमधील गोरगान शहरी 1992 साली जन्मलेला फजल अत्राचली हा पकडीत पारंगत असलेला खेळाडू. तो डाव्या कोपऱ्यात उभा राहतो. चढाई करणारा बोनससाठी पाय पुढे टाकतो, त्या क्षणी खाली झेपावून घोटा धरावयाचा, हे कोपऱ्यातल्या गड्याचे काम. त्यात चूक झाली तर समोरच्याला गुण आणि आपण मैदानाबाहेर. इराण हा मुळात कुस्तीचा देश असल्याने अंगाला अंग भिडविण्याची सवय तिकडे आहेच. फजल 2015 मध्ये प्रो कबड्डीत यू मुंबा संघाकडून खेळला आणि त्या वर्षी तो संघ विजेता ठरला. पुढच्या वर्षी पाटणा संघाबरोबर त्याने पुन्हा विजेतेपद मिळविले. 2018 च्या लिलावात यू मुंबाने त्याच्यासाठी एक कोटी रुपये मोजले. 2022 मध्ये पुण्याने 1 कोटी 38 लाख, 2023 मध्ये गुजरातने 1 कोटी 60 लाख. आणि 2024 साली? बंगालच्या संघाने त्याला 50 लाखांत घेतले. खेळाडू तोच, घोट्याची पकडही तीच. वय मात्र बत्तीस झाले होते. तरीही 2025 मध्ये दिल्लीच्या संघातून खेळून तो पुन्हा विजेत्या संघात होता. या आकड्यांपैकी केवळ मोठा आकडा मुलांना सांगावयाचा आणि पन्नास लाखांचा गाळावयाचा, हे योग्य होणार नाही. लिलावाची किंमत ही एका हंगामाची असते. त्यात निवृत्तिवेतन नसते, आणि गुडघा गेला तर पुढच्या लिलावात बोली लागेलच असे कोणी लिहून देत नाही.

फजलविषयी मला अधिक महत्त्वाची वाटते ती गोष्ट निराळीच आहे. तो येथे येऊन हिंदी शिकला. संघनायक म्हणून त्याला हरयाणाच्या आणि महाराष्ट्राच्या मुलांना क्षणार्धात सूचना द्यावयाच्या होत्या. तीस सेकंदांच्या चढाईत दुभाषाला जागा कोठली? भाषा न येणारा खेळाडू परक्या संघात कितीही बलवान असला तरी एकटाच उभा राहतो.

याच मार्गाने उलट दिशेस गेल्या त्या नाशिकच्या प्रशिक्षक शैलजा जैन. आयुष्यभर मुलींना कबड्डी शिकविल्यावर त्यांनी इराणच्या महिला संघाचे प्रशिक्षण स्वीकारले. देश परका, भाषा फारसी, मुलींचा पोशाख डोक्यापासून पायापर्यंत झाकलेला. बाईंनी फारसी शिकून घेतली आणि सरावात योगासने व प्राणायाम यांना स्थान दिले. आशियाई क्रीडास्पर्धेत महिलांची कबड्डी 2010 साली सुरू झाली. 2010 आणि 2014 या दोन्ही वेळी सुवर्णपदक भारताचे. 2018 मध्ये जाकार्ता येथे 24 ऑगस्टच्या अंतिम सामन्यात इराणच्या मुलींनी भारताला 27-24 असे हरविले. त्याच्या आदल्याच दिवशी उपान्त्य सामन्यात पुरुषांचा भारतीय संघ फजलच्या इराणकडून 18-27 असा पराभूत झाला होता. 1990 पासून सलग सात वेळा जिंकलेले सुवर्णपदक गेले.

त्या वेळी पुष्कळांनी हळहळ व्यक्त केली, आणि बाईंनी विद्या परक्यांना दिली असाही सूर निघाला. मला तो पटत नाही. गवंडी, सुतार, डॉक्टर परदेशी जातात तेव्हा आपण त्यांना निरोप देण्यास विमानतळापर्यंत जातो. मग कबड्डीच्या प्रशिक्षकालाच वेगळा न्याय का? विचारावयाचेच असेल तर हे विचारावे की, एवढ्या अनुभवी बाईंच्या ज्ञानाचा उपयोग करून घेणारी जागा आपल्याकडे आधीच का निघाली नाही.

मुलींचा विषय निघालाच आहे तर एक उणीव स्पष्ट सांगतो. प्रो कबड्डीने 2016 मध्ये महिलांचे काही सामने भरविले. ते पुढे चालू राहिले नाहीत. म्हणजे आपल्या शाळेतील उत्तम चढाई करणाऱ्या मुलीला आज व्यावसायिक खेळाडू होण्याचा मार्ग फारच अरुंद आहे. तिच्यासाठी शासकीय सेवेतील खेळाडूंचे पाच टक्के आरक्षण हाच भरवशाचा आधार. त्यासाठी मान्यताप्राप्त स्पर्धेचे प्रमाणपत्र लागते आणि त्याची पडताळणी होते. गावच्या रात्रीच्या सामन्यातील ढाल कपाटाची शोभा वाढवील, पण अर्जाला जोडता येणार नाही. शिक्षकांनी शालेय स्पर्धांच्या नोंदी वेळेवर व बिनचूक कराव्यात, असे मी आग्रहाने म्हणतो ते याचसाठी.

पंचायत सदस्यांना एक विनंती. मोठे सामने आता मॅटवर होतात, आणि आपली मुले मातीत वाढतात. मॅटवर बूट घालून खेळावे लागते, पायाची पकड निराळी, पडण्याची रीत निराळी. पुरुषांचे मैदान 13 मीटर लांब व 10 मीटर रुंद, महिलांचे 12 व 8 मीटरचे. एवढी सपाट, छप्पर असलेली जागा प्रत्येक गावास परवडणार नाही हे मी जाणतो. परंतु चार-पाच ग्रामपंचायतींनी मिळून एखाद्या हायस्कुलात एक मॅट ठेवली आणि वार वाटून घेतले, तर निवडचाचणीला गेलेला मुलगा तेथे प्रथमच मॅटवर पाय ठेवणार नाही. मॅट कोणत्या गावात ठेवावयाची, यावरून वाद होतील. ते होऊ द्यावेत, पण पावसाळ्यापूर्वी मिटवावेत. पावसाळ्यात मातीची मैदाने चार महिने बंद असतात, आणि मॅटचा खरा उपयोग त्याच काळात आहे.